चिरंजीव सुखरूप आले, रामजी गेला

मी, गोदावरी दत्तात्रेय खोत, वय एक्याऐंशी, अविवाहित, सरकारी दप्तरखान्यातून मोडी वाचक म्हणून निवृत्त, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉ. पूनम यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. गुडघे गेलेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझा पुतण्या श्रेयस म्हणेल की म्हातारीला कोणीतरी भरीस घातले. त्याला आत्ताच सांगून ठेवते: भरीस घालणारा माणूस १८४४ साली गलबतावर चढला. त्याच्यावर फिर्याद कर.

कलम १. सन २०११ मध्ये मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी सगळेच्या सगळे श्रेयसला दिले होते. तेव्हा तो माणसासारखा वागत होता.

कलम २. माझी मिळकत माझ्या एकटीच्या मालकीची आहे. माझे थोरले बंधू कै. शरच्चंद्र आणि मी यांच्यात रीतसर वाटणी झाली व ती अलिबागला नोंदली गेली. पुढचे मोठे घर आणि पुढची वाडी बंधूंकडे गेली, ती आता श्रेयसची. मागची नारळी-पोफळीची वाडी, तिच्यातली विहीर आणि दोन खोल्यांचे कौलारू घर माझे. चतुःसीमा अशी: पूर्वेस गावचा रस्ता, पश्चिमेस समुद्राकडची सुरूची राई, दक्षिणेस श्रेयसचा हिस्सा, उत्तरेस पाणंद. वडिलार्जित म्हणून कोणी हक्क सांगू लागला तर वाटणीपत्र दाखवावे. वाडवडिलांनी काय काय अर्जित केले ते पुढे येईलच.

कलम ३. दोन खोल्यांच्या घरात ठमीने तहहयात राहावे. ती बावीस वर्षे माझ्याकडे कामाला आहे, आणि काम म्हणजे केवळ धुणीभांडी नव्हे. मला चालवत नाही तेव्हापासून ती माझे पाय आहे आणि मी गप्प बसते तेव्हा ती माझी जीभ आहे. शिवणयंत्र, पितळी डबे, गोधड्या, दूरचित्रवाणी संच हे सर्व तिचे. तिला विहिरीचे पाणी, पडलेले नारळ आणि झावळ्या घेण्याची कोणी मनाई करू नये. श्रेयसने तिला "ए बाई" अशी हाक मारायची बंद करावी. तिला नाव आहे.

कलम ४. आता ज्या गोष्टीमुळे मला हे सर्व नव्याने लिहावे लागले ती.

श्रेयसने पुढच्या घराचे पाहुणेघर केले. त्याला माझी हरकत नव्हती. मांडव्याच्या बोटीने माणसे येतात, दोन दिवस समुद्र बघतात, मासे खातात, जातात. किहीमपासून हरिहरेश्वरापर्यंत निम्मा किनारा यावरच जगतो. परंतु तीन वर्षांपूर्वी त्याची बायको क्षिप्रा हिने घराला नवीन नाव दिले: "काळे पाणी". दारावर पाटी लागली. पाटीवर शिडाचे गलबत, खाली एक मिशाळ पुरुष, आणि अक्षरे: "कंपनी सरकारविरुद्ध उठाव करून काळ्या पाण्यावर गेलेले वीर श्रीधरपंत खोत यांचे जन्मघर". तो मिशाळ पुरुष कोण ते देव जाणे. श्रीधरचे चित्र कोणी काढलेले नाही.

पुढे याहून वाईट आहे. जेवणाच्या पत्रकात "कैदी थाळी" आहे. पत्र्याच्या ताटलीत भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कांदा. माणसे ती हसत हसत खातात. ओसरीवर प्लास्टिकच्या बेड्या टांगून ठेवल्या आहेत, त्या गळ्यात घालून फोटो काढतात. लहान मुलांसाठी वेगळ्या, गुलाबी. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा ठमी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बाय, यांना येकदा खऱ्या लोखंडात घाला, मंग बगा कसं हसतान ते."

मी क्षिप्राला विचारले की हे सर्व कुठून आणले. ती म्हणाली, "आत्या, गेस्टना स्टोरी लागते. खरं-खोटं कोण विचारतंय?" श्रेयस म्हणाला, "आपल्या घराण्याचाच मान वाढतोय ना?" 

मुली, खरे-खोटे विचारणे हाच माझा चौतीस वर्षांचा पगार होता.

आणि तरीही गेल्या पंधरा ऑगस्टला शाळेची मुले त्या पाटीला हार घालायला आली, तेव्हा मला खुर्ची देऊन पुढे बसवले, माझ्या हातात हार दिला, आणि मी तो घातला. माझी किळस कोणापासून सुरू होते ते वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कलम ५. वस्तुस्थिती अशी. मूळ कागदांच्या सहीशिक्क्याच्या नकला माझ्या लोखंडी पेटीत निळ्या फायलीत आहेत.

श्रीधर महादेव खोत याने कसलाही उठाव केला नाही. एका कुळाने स्वतःच्या दारातला फणस खोताला न विचारता उतरवला, म्हणून श्रीधरने त्याची झोपडी पेटवली. आत कुळाची आंधळी आई होती. ती जळून मेली. ठाण्याच्या न्यायाधीशाने चौदा वर्षे समुद्रापार धाडण्याची शिक्षा दिली. झालेल्या गोष्टी पाहता मला ती कमी वाटते.

१८४४ च्या पावसाळ्यानंतर मुंबईहून "शार्लट ॲन" नावाचे व्यापारी गलबत सुटले. पाटीवर दाखवले आहे तसे ते देखणे नसावे. कापूस आणि अफू भरून ते चीनकडे जात होते, वाटेत पिनांगला कैदी उतरवायचे होते. वरच्या मजल्यावर उतारू: एका कर्नलची बायको, तिची दोन मुले, एक पाद्री, आणि खोक्यात बांधलेला पियानो. खाली एकसष्ट कैदी. दोन्ही याद्या मी एकाच बासनात वाचल्या. पियानोला दोन ओळी आहेत, तो ओला होऊ नये म्हणून काय काय करावे ते लिहिले आहे. कैद्याला प्रत्येकी एक ओळ. नऊ जणांच्या ओळीपुढे "समुद्रात टाकला" एवढेच. 

त्या यादीत चौतिसावे नाव श्रीधर महादेव, जात ब्राह्मण, गाव रेवदंडा. पुढे शेऱ्याच्या रकान्यात कारकुनाने लिहिले आहे: "कोरडे पोहे-चणे नाकारतो, शिजवलेले अन्न सर्वांबरोबर खातो." त्या काळी ब्राह्मण कैदी जहाजावर दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले खात नसत, उपाशी राहात. कारकुनाला नवल वाटले. संशय आला नाही.

पिनांगला उतरल्यावर प्रत्येकाला एक घोंगडी आणि दोन पंचे मिळाले, त्याची पोच घेतली आहे. ज्यांना लिहिता येत नसे ते जुन्या कागदांवर आपापल्या कामाचे हत्यार काढीत. पाटील नांगर काढी, सुतार वाकस काढी, आणि महार विळा काढी. श्रीधरच्या नावापुढे विळा आहे. सुरेख काढलेला, मूठ आणि पाते. ठाण्याच्या खटल्यात श्रीधरने स्वतःच्या हाताने चार पाने मोडी लिहून दिली होती. तो माणूस घोंगडीची पोच देताना विळा काढीत नाही. ज्याने काढला त्याला सगळे पढवून पाठवले होते, नाव, बापाचे नाव, जात. पण सही करा म्हटल्यावर त्याचा हात त्याच्याच सवयीने गेला. दीडशे वर्षांत हे कोणाच्या ध्यानी आले नाही. १९९३ साली माझ्या आले.

मग मी घरी येऊन महादेवपंतांची, म्हणजे श्रीधरच्या बापाची, टिपणवही काढली. लहानपणापासून ती देवघरात होती, आम्ही तिला हळदकुंकू वाहायचो. ठाण्याच्या शिक्षेनंतर सहाव्या दिवशी लिहिले आहे: "शिपायांची सोय केली. चिरंजीव सुखरूप आले. रामजी गेला. घट फोडावा." 

रामजी हा तेव्हा गावकुसाबाहेर राहणाऱ्या महार वस्तीतला, खोतांच्या वाडीत वेठीला राबणारा. श्रीधरचे अंथरूण आणि जेवणाचा डबा घेऊन तो ठाण्याला गेला होता. अंथरूण पोचवायला गेलेला माणूस पिनांगला पोचला. आणि घट फोडावा म्हणजे काय, तेही सांगते, हल्लीच्यांना ठाऊक नसेल. समुद्र ओलांडून जातीबाहेर गेलेल्याच्या नावाने पाण्याचा घट लाथेने उलथून फोडायचा आणि तो मेला असे धरायचे. गावाला बोलावून तो विधी केला, सुतक पाळले, जेवणावळ घातली. मुलगा तेव्हा हरिहरेश्वराला नातलगांकडे जेवत होता. तीन वर्षांनी तो "नारायण" या नावाने दत्तक म्हणून परत आला. 

आम्ही सगळे खोत त्या नारायणाचे वंशज आहोत. श्रेयसच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत वंशवृक्ष लावला आहे, तो मी त्याला देते असे नाही, तो त्याचाच आहे. परंतु नारायण या नावापुढे "हाच श्रीधर" एवढे माझ्या हाताने लिहिलेले आहे, ते खोडू नये.

कलम ६. रामजी परत आला. हे वाचून कोणाला बरे वाटणार असेल तर थोडे थांबावे.

चौदा वर्षे भरल्यावर त्याला मुंबईला आणून सोडले. हातात सुटकेचा कागद, त्यावर नाव श्रीधर. तो रेवदंड्याला चालत आला असणार. त्याच्या बायकोला खोतांनी सांगितले होते की तुझा नवरा मुलाबाळांना टाकून गलबतावर पळून गेला. ती तोवर मेली होती. मुले त्याला ओळखत नव्हती. तो खोताकडे आला की नाही ते लिहिलेले नाही. लिहिलेला आहे तो १८५९ चा अर्ज, अलिबागेच्या अर्जनविसाकडून लिहवून घेतलेला. मी तो इतक्यांदा वाचला आहे की पाठ आहे: "कागदी नाव श्रीधर, खरे नाव रामजी. खोताचे शिक्षेवर गेलो. आता गावी श्रीधर म्हणावे तर तो मेला म्हणतात, रामजी म्हणावे तर तो पळाला म्हणतात. येथे माझे कोणी नाही. तरी सरकारने गलबतात घालून परत पाठवावे." खाली विळा. 

साहेबाने त्यावर शेरा मारला, "खोतास विचारावे." खोत तेव्हा नारायण होता. त्याचे उत्तर अर्जाला जोडलेले आहे. एकच ओळ आहे: "असा कोणी इसम या गावी नव्हता." अक्षर ठाण्याच्या खटल्यातल्या चार पानांचेच. ज्याच्या बदली तो माणूस चौदा वर्षे बेडीत राहिला, त्यानेच हे लिहिले. मी आयुष्यात पुष्कळ घाण कागद वाचले, खुनाचे, दुष्काळाचे, बाया विकल्याचे. या एका ओळीला मला हात धुवावेसे वाटले. 

अर्ज नामंजूर झाला. पुढे रामजीचा कागद नाही.

कलम ७. कलम दोनमधील मागची वाडी, विहीर व घरासह, ठमीच्या हक्काला अधीन राहून, मी रामजीच्या वंशातील श्रीमती जयमाला आणि त्यांचा मुलगा रत्नपाल यांना देते. जयमालाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, रत्नपाल एसटीत आहे. यांचे घराणे १९५६ साली बौद्ध झाले, जुने पुष्कळ काही त्यांनी टाकून दिले, पण गावाने "पळपुट्याचे घर" हे नाव त्यांच्या पाठीवरून काढले नाही. लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते उकरले जाई. रत्नपालच्या नावे भातशेती आहे, तेव्हा तो शेतकरी नाही ही हरकत चालणार नाही. श्रेयसने वकिलाकडे जाऊन वेळ दवडू नये.

वाडीत दगड लावावा, न लावावा, काय लिहावे, हे त्या दोघांनी ठरवावे. खोतांपैकी कोणी मजकूर सुचवू नये. खर्च माझ्या पोस्टातल्या ठेवीतून करावा. उरेल ते ठमीचे.

कलम ८. माझे भिंग, मोडीच्या सरावाच्या सोळा वह्या आणि निळी फाईल रत्नपालला. त्याला मोडी येत नाही, शिकायची असल्यास सोप्या वहीपासून सुरुवात करावी. त्याला कंटाळा आला तर दुसऱ्या कोणाला द्याव्या, पण मांडणीवर शोभेला ठेवू नयेत. महादेवपंतांची टिपणवहीही त्याच फायलीत ठेवली आहे. देवघरात ती परत जाणार नाही.

माझी मोरपंखी पैठणी क्षिप्राला. करोनात मी तापाने फणफणले होते तेव्हा तिने तेरा दिवस माझ्या खोलीच्या दाराशी पेज आणून ठेवली, एक दिवस चुकली नाही. त्या बेड्यांसाठी मी तिला क्षमा करीत नाही आणि त्या पेजेला विसरत नाही. दोन्ही खरे आहे.

श्रेयसला माझ्या वाट्याचे काहीही नाही. त्याच्याकडे पुष्कळ आहे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. विनेश, अलिबाग, यांनी करावी. माझ्या मृत्यूनंतर जो पंधरा ऑगस्ट येईल त्या दिवशी, मुले हार घेऊन येतील तेव्हा, विनेशभाऊंनी पाहुणेघरासमोरच्या रस्त्यावर उभे राहून कलम पाच, सहा आणि दहा मोठ्याने वाचावीत. रस्ता सरकारी आहे, श्रेयसला अडवता येणार नाही. विनेशभाऊ म्हणाले, "बाई, कायद्यात मृत्युपत्र असं चव्हाट्यावर वाचायची गरज नसते." मी म्हटले, घट चव्हाट्यावरच फोडला होता. 

कलम १०. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

१९९४ च्या मे महिन्यात जयमालाबाईंच्या सासूबाई, चंदाबाई, माझ्याकडे आल्या. मी मुंबईला जुने कागद वाचते हे त्यांनी ऐकले होते. मागच्या दाराने आल्या, मी पुढे या म्हटले तरी पायरीवरच बसल्या. पाणी प्यायल्या. मग विचारले, "बाई, त्या कागदांत आमच्या रामजीचं नाव हाय का? माझी सासू म्हनायची, तो पळायचा मानूस न्हवता. म्हनायची, येकदा कुनी लिवल्यालं वाचून सांगितलं पायजे. मी आता थकलू. हाय का कुटं?"

नऊ महिन्यांपूर्वीच मी ते सगळे वाचले होते. निळी फाईल त्यांच्यापासून सात पावलांवर, पेटीत होती.

मी म्हटले, "नाही, चंदाबाई. असं कोणी नाव त्यात नाही."

त्या म्हणाल्या, "बरं." ग्लास स्वतः विसळून पालथा घातला आणि गेल्या.

हे बाहेर काढू नकोस म्हणून माझ्या थोरल्या भावाने, शरदने, मला गळ घातली होती हे खरे, पुतणीचे लग्न ठरत होते हेही खरे. पण मी शरदच्या आड लपणार नाही. मला भीती वाटली ती वाडीची. त्या लोकांनी हक्क सांगितला तर माझे नारळ जातील, एवढीच ती भीती होती, अब्रूबिब्रू काही नाही. नारायणाने जे लिहून दिले तेच मी तोंडाने सांगितले, आणि त्याला निदान फासाची धास्ती तरी असेल. चंदाबाई पुढे अकरा वर्षे जगल्या. बाजारात भेटायच्या, माझी चौकशी करायच्या. प्रत्येक वेळी मला सांगता आले असते.

गेल्या महिन्यात ठमीला घेऊन मी रिक्षाने जयमालाबाईंकडे गेले आणि फाईल त्यांच्यापुढे ठेवली. सगळे सांगितले, पायरीवरचेही. त्यांनी अर्जाची नकल दोनदा वाचली. विळ्यावर बोट ठेवले. मग म्हणाल्या, "वाडी रत्नपाल घेईल. तिथं आमची माणसं राबलीत, त्यात उपकार नाही." 

मी म्हटले, "मला क्षमा करा."

त्या म्हणाल्या, "बाई, ते मी कशी करू? तुम्ही मला खोटं सांगितलं नाहीत. सासूबाईंना सांगितलंत. त्या मरताना तेच घेऊन गेल्या. आता ते माझ्याकडे आणून ठेवू नका."

माझ्या वयाच्या बाईला कोणी इतके सरळ बोलत नाही. मी उठले, ठमीने हात धरला, आम्ही परत आलो.

मृत्युपत्रात शेवटी लिहायचे असते की वर न सांगितलेली उरलीसुरली मिळकत कोणाकडे जावी. मी सगळी पेटी, कपाट, पोस्टाची पुस्तके धुंडाळली. घर ठमीला राहायला दिले, वाडी रामजीच्या माणसांना, कागद रत्नपालला. चंदाबाईंना मी दिलेले उत्तर तेवढे शिल्लक राहते. त्याला वारस नाही, ते कोणी घेऊ नये, आणि माझ्यामागे कोणी माझ्या बाजूने त्याची कारणे देत बसू नये. ते माझ्या नावावरच राहू द्यावे.

वरील दहा कलमे मी वाचून पाहिली, बरोबर आहेत. दोन साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे, आणि त्यांनी माझ्यासमक्ष केली आहे.

(सही) गोदावरी दत्तात्रेय खोत

साक्षीदार:
१. (सही) डॉ. पूनम रतन ठाकूर, रेवदंडा
२. (सही) राहुल पांडुरंग नाईक, निवृत्त पोस्टमास्तर, चौल

स्थळ: रेवदंडा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५